तिसऱ्या उधाणाची गाठ

१८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता बदरुद्दीन उलडे याने पनवेलच्या एका दवाखान्याच्या खिडकीत २१,६४० रुपये भरले आणि पावतीची घडी करून ती टोपीच्या आत ठेवली. बोटीवर कागद भिजू नये म्हणून टोपीत ठेवायची त्याची चाळीस वर्षांची सवय. इथे भिजण्याचा प्रश्न नव्हता, तरी हात टोपीकडेच गेला.

"खिशात ठेवा की," त्याची बायको गुलबानू म्हणाली.

"खिसा दवाखान्यानं रिकामा केला. टोपी तेवढी माझी हाय."

बदरुद्दीन मुरुडजवळच्या आगरदांड्याचा. वय बासष्ट, उंच, खांदे अजून रुंद, पण सदरा आता त्यांच्यावर टांगल्यासारखा दिसत होता. ऑगस्टपासून अन्न उतरत नव्हतं. भाकरीचे दोन घास गेले की पोट भरायचं. अडीच महिन्यांत अकरा किलो वजन उतरलं, तेव्हा गुलबानूने त्याला जवळजवळ ओढून डॉक्टरकडे नेलं. पोटात दुर्बीण घातली, तुकडा तपासला, मग स्कॅन झाला. जठराचा कॅन्सर, आणि तो यकृतापर्यंत पोचलेला.

डॉक्टर सुश्रुत चाळिशीतले, बोलायला सरळ. त्यांनी काही झाकून ठेवलं नाही. आता ऑपरेशनचा उपयोग नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. दोन औषधं एकत्र द्यायची. एक सलाईनमधून, दर एकवीस दिवसांनी. दुसरं गोळ्यांचं, घरी घ्यायचं. एकट्या औषधापेक्षा जोडीनं मार जास्त बसतो.

"जाईल का?" बदरुद्दीनने विचारलं.

"पूर्ण जाणार नाही. आवरून धरता येईल."

"किती दिवस?"

"काहीच केलं नाही तर थोडे महिने. केलं तर बऱ्याच जणांना वर्षभर मिळतं, काहींना त्याहून जास्त. तुमचं आज सांगता येणार नाही."

बदरुद्दीनने टोपी सारखी केली. मग म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मला समुद्रावर जावं लागंल. त्याचं काय ते आधी सांगा."

हे ऐकून डॉक्टरांना वाटलं, माणसाला नीट कळलेलं नाही. गुलबानूला ठाऊक होतं की नीट कळलंय म्हणूनच तो हे विचारतोय.

कारण बदरुद्दीनची सगळी इस्टेट जमिनीवर नव्हती. राजपुरी खाडीच्या तोंडाशी समुद्राच्या तळात रोवलेले दोन खांब, त्यांना बांधलेली आणि वर तरंगणारी दोन निळी पिंपं, एवढी त्याची जागा. तिथे तो डोल लावायचा. डोल म्हणजे मोठ्या तोंडाचं, मागे निमुळतं होत गेलेलं, पिशवीसारखं जाळं. ते खांबांना बांधलं की बाकीचं काम पाणी करतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येतं, पाणी जोरात धावतं, डोल फुगते; बोंबील, जवळा, कोळंबी, जे असेल ते आत येतं. अष्टमीच्या सुमारास भांग. तेव्हा पाणी मेलेलं असतं आणि डोल ओल्या परकरासारखी लोंबत राहते.

ही जागा त्याच्या बापाची. बदरुद्दीन पंधराव्या वर्षी तिथे पहिल्यांदा गेला. पुढे आठ वर्षं कुवेतला टगबोटीवर काढली, कारण तेव्हा गावातला प्रत्येक जण जात होता. बापाचे गुडघे गेले तसा १९८९ साली परत आला आणि मग कुठे गेला नाही. लोक त्याला वेड्यात काढत. कुवेतचा पगार सोडून हा बोंबलामागे आला! त्याचं उत्तर ठरलेलं असे, "तिकडं मी नोकर व्हतो. इकडं पाणी माझं नोकर हाय."

त्या जागेचा बंदरावरचा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. ज्याची जागा त्याने, नाहीतर त्याच्या मुलाने, उधाणाला स्वतः बोटीवर असायचं आणि खांबाच्या दोराला पहिली गाठ स्वतःच्या हाताने मारायची. पुढच्या गाठी खलाशांनी मारल्या तरी चालतं. लागोपाठ तीन उधाणं मालकाची गाठ पडली नाही, तर जागा सुटली. मग जो मागेल त्याची. बदरुद्दीनचा एकुलता मुलगा दानियाल दोह्याला एका गोदामात कामाला होता आणि दोन वर्षांतून एकदा यायचा. म्हणजे गाठ मारायला बदरुद्दीनशिवाय कोणी नव्हतं.

पहिली सलाईन दोन तास चालली. तिथली सिस्टर कमळ ही तळा गावची, म्हणजे त्यांच्याच बाजूची. तिने जाताना बजावलं, "चाचा, चौदा दिवस गोळ्या. सकाळी तीन, संध्याकाळी तीन, जेवणानंतर. मग सात दिवस सुट्टी. एकविसाव्या दिवशी परत इथे. आणि थंड कशाला हात लावायचा नाही, थंड प्यायचं नाही."

"मी कवा कोल्ड्रिंक पितो?" बदरुद्दीन म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तो जेट्टीवर गेला. माशांच्या पेट्या बर्फात लावत होते. सवयीने त्याने एका पेटीत हात घातला आणि विजेच्या तारेला लागल्यासारखा मागे फेकला. बोटांत सुया शिरल्या, मनगटापर्यंत झिणझिण्या गेल्या. त्याचा खलाशी विनेश, तिशीतला, धावत आला.

"काय झालं चाचा? खेकडा?"

"बर्फ," बदरुद्दीन हात चोळत म्हणाला. "बर्फ चावला मला."

जेट्टी हसली. तोही हसला. पण घरी येऊन त्याने गुलबानूला पाणी कोमट करायला सांगितलं, तेव्हा तिने दोन भांडी चुलीवर ठेवली.

मळमळ होती, तोंडाला चव नव्हती, पायांचे तळवे लाल झाले होते. तरी तो मनातल्या मनात वेगळाच हिशेब मांडत होता. आठ दिवस त्याने गोळ्या नेमाने घेतल्या. नवव्या दिवशी एकादशी होती. अमावास्येचं उधाण तोंडावर आलं होतं. डोल तपासायची, दोर भरायचे. गोळ्या घेतल्या की त्याला उभं राहवत नसे. मग त्याने गोळ्यांची पाकिटं डब्यात घातली आणि झाकण लावलं.

"बंद का केल्या?" गुलबानूने विचारलं.

"बंद न्हाय केल्या. भांगाला घेईन. चौदा दिवस सांगितलेत ना? आठ ह्या भांगाला झाले, सहा पुढच्या भांगाला. बेरीज चौदाच."

गुलबानू आयुष्यभर सुकट-बोंबील वाळवून मुरुडच्या बाजारात विकत आली होती. तिलाही बेरीज बरोबर वाटली. त्या घरात सगळ्या गोष्टी अशाच वाटल्या जात: उधाणात काम, भांगात लग्न, डागडुजी, आजारपण. औषधही भांगात बसवलं, यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. बदरुद्दीन अमावास्येच्या उधाणाला बोटीवर गेला, हातात लोकरी मोजे घालून गाठ मारली, डोल भरून आणली आणि ९ डिसेंबरला मोठ्या समाधानाने पनवेलला पोचला.

कमळ सिस्टरने गोळ्यांची रिकामी पाकिटं मागितली. त्याने डबा पुढे केला. तिने मोजलं, पुन्हा मोजलं.

"चाचा, छत्तीस गोळ्या उरल्यात."

"व्हय. त्या ह्या भांगाच्या."

"कसल्या भांगाच्या?"

त्याने समजावून सांगितलं. तिने कपाळाला हात लावला आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टर सुश्रुतांनी सगळं ऐकून घेतलं. रागावण्याआधी त्यांना हसू आवरावं लागलं असावं, कारण ते खिडकीकडे बघत थोडा वेळ थांबले.

"बदरुद्दीनभाई, बेरजेचा प्रश्न नाही. कॅन्सरच्या पेशी वाढत असतात. वाढताना रोज मार बसला पाहिजे, सलग. मध्येच सोडलं की त्यांना दम खायला मिळतो. त्या परत उभ्या राहतात."

बदरुद्दीनने मान खाली घातली. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर समज आली.

"म्हणजे पाणी जोरात व्हतं तवाच मी डोल वर काढली."

"अगदी तसंच."

"चूक झाली." हे दोन शब्द त्याने इतक्या स्वच्छपणे उच्चारले की गुलबानूने चमकून त्याच्याकडे पाहिलं. लग्नाच्या पस्तीस वर्षांत ते तिने ऐकले नव्हते. पण लगेच त्याने मान वर केली. "आता चुकणार न्हाय. पण जागा पण सोडणार न्हाय. डॉक्टरसाहेब, तुमचं औषध माझ्या समुद्राला मानत न्हाय, आणि समुद्र तुमच्या औषधाला. मधी मीच हाय."

"समुद्रावर जायचंच नाही म्हटलं तर?"

"तर सलाईन लावू नका. मी जातो घरी, तुम्ही बसा हितं."

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले. भांडण मिटवलं कमळ सिस्टरने. वॉर्डच्या भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर होतं, पौर्णिमेला पांढरा गोल, अमावास्येला काळा. ती ते काढून खाटेवर घेऊन आली, त्याच्या हाताला सलाईन चालू असताना.

"दाखवा तुमची उधाणं."

"पंधरा डिसेंबर. तीस डिसेंबर. तेरा जानेवारी."

तिने पेनाने गोळ्यांचे दिवस रेघांनी भरले आणि सुट्टीचे मोकळे सोडले. पंधरा डिसेंबर रेघांत गेला. तीस डिसेंबरला तर पुढची सलाईनच होती. तेरा जानेवारी, सोमवार, मोकळा.

"आदल्या रात्री गोळ्या संपतात," ती म्हणाली. "तेरा ते एकोणीस सुट्टी."

बदरुद्दीन पालथ्या बोटाने पुढची पानं उलटू लागला. "दोन सलाईनी म्हंजे बेचाळीस दिवस. तीन उधाणं म्हंजे चव्वेचाळीस. दोन चुकतात, तिसरं हाताला लागतं. सिस्टर, तिसरं लागतं!"

"हळू, सुई निघेल."

"निघू दे. नियम पण तिसऱ्याचाच हाय."

डॉक्टरांना तिने काय सांगितलं कोण जाणे, पण संध्याकाळी ते म्हणाले, "तेराच्या आधी गावात रक्त तपासायचं. पांढऱ्या पेशी कमी असतील तर जायचं नाही. गरम पाणी सोबत. आणि दोराला उघडा हात लावायचा नाही." बदरुद्दीनने पहिल्या तीन गोष्टींना मान डोलावली.

या वेळी त्याने एकही गोळी चुकवली नाही. पंधरा डिसेंबरचं उधाण घरात पडून काढलं. ज्या दिवशी बोटी सुटल्या त्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून झोपला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जुलाबांनी तो इतका गळाला की उठून दारापर्यंत जाता येईना. गुलबानू मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजायची आणि पेज करून द्यायची. तीस डिसेंबरला तिसरी सलाईन घेऊन आला. हातांची सालं निघत होती, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, आणि आता आठवडा उलटला तरी झिणझिण्या जात नव्हत्या. सदऱ्याची बटणं गुलबानू लावून द्यायची.

"गाठ कशी मारणार तुम्ही?" एकदा तिने बटण लावता लावताच विचारलं.

"बटण बायकोचं काम हाय. गाठ माझं."

"मोठे आले."

दोन उधाणं चुकली, ही बातमी जेट्टीवर कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. ११ जानेवारीला दुपारी मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात सेक्रेटरी दयाराम याने बदरुद्दीनला बोलावून घेतलं. तिथे वासिफ बसलेला होता. वासिफ बदरुद्दीनच्या चुलत भावाचा मुलगा, अडतीस वर्षांचा, नवी बोट, नवं इंजिन, डोक्यावर बँकेचं कर्ज. माणूस वाईट नव्हता. जागा चांगली होती, एवढंच.

"चाचा, तुमच्या तब्येतीबद्दल आम्हाला काय आनंद हाय का?" वासिफ म्हणाला. "पण खांब रिकामे राहायचे म्हंजे काय? तुम्ही माझं नाव सांगा, डोल मी लावतो. हिस्सा देतो."

"हिस्सा? माझ्या जागेतला मला?"

"तुमच्यानं आता व्हतं का? खरं सांगा."

"परवा सकाळी बघ."

"बोटीत बसून आलात तर ते मोजायचं न्हाय हां. गाठ पडली पायजे. विनेशनं न्हाय, तुम्ही."

"वासिफ, तुला पहिली गाठ कुणी शिकवली?"

वासिफ खिडकीबाहेरच्या बोटींकडे बघू लागला. दयारामने घसा खाकरला. "मी स्वतः येतो बघायला. वासिफच्या बोटीतून. म्हंजे उद्या कुणी बोलायला नको."

"ये. स्वेटर घालून ये, तुझी छाती नाजूक," बदरुद्दीन म्हणाला आणि भिंतीचा आधार न घेता उठला. बाहेर येऊन मात्र तो विनेशच्या खांद्याला धरूनच घरापर्यंत गेला.

रक्ताचा रिपोर्ट रविवारी दुपारी आला. पेशी कमी होत्या, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्या वर होत्या. गुलबानूने तो कागद दोनदा वाचून घेतला आणि मगच थर्मास घासायला घेतला.

१३ जानेवारी. पहाटे उत्तरेचा बोचरा वारा होता. बदरुद्दीनच्या तोंडाला मफलर, कानाला टोपी, हातात लोकरी मोजे आणि त्यावर गुलबानूने मासे साफ करायला आणलेले रबरी हातमोजे. थर्मास कुशीत. विनेश आणि आणखी दोन खलाशी बोटीवर होते. मागून वासिफची बोट, तीत पुढे दयाराम, स्वेटर घातलेला.

भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थोडा वेळ थांबतं. तेवढ्यात डोल बांधायची असते. एकदा का पाणी फिरलं आणि जोर धरला की दोर हातात राहत नाही. त्या दिवशी पाणी साडेसहाला थांबणार होतं. पिंपं दिसली तेव्हा साडेसहाच झाले होते, पूर्वेला नुसतं फटफटत होतं.

विनेशने खांबाचा दोर गळाने वर ओढून बोटीच्या कडेवर आणला. बदरुद्दीन गुडघ्यावर बसला. दोर जाड, शेवाळलेला, बर्फासारखा गार. रबरी मोज्यांत तो साबणासारखा घसरत होता. पहिली गाठ सुटली. दुसरीही सुटली.

"चाचा, मी नुसता धरतो. गाठ तुम्हीच मारा," विनेश हळूच म्हणाला.

"हात लावलास तर पाण्यात टाकीन."

"तुमच्यात तेवढी ताकद राहिलीय?"

"तुला टाकण्यापुरती हाय."

पलीकडच्या बोटीतून वासिफ ओरडला, "चाचा! पाणी फिरायला लागलं!"

खरंच, पिंपाच्या कडेला पाण्याची बारीक रेघ उमटू लागली होती. बदरुद्दीनने दातांनी रबरी मोजे ओढून काढले. मग लोकरी. उघड्या बोटांनी दोर धरला आणि त्याच्या तोंडून आवाज निघाला, तो वासिफच्या बोटीपर्यंत गेला. दयाराम उभा राहिला. "राहू दे, बदरू! लिहीन मी, आलास म्हणून लिहीन!"

"आला म्हणून लिहू नकोस!" बदरुद्दीन ओरडला. "बांधली म्हणून लिही!"

मग त्याने थर्मास उघडला. प्यायला दिलेलं ते कढत पाणी त्याने दोरावर आणि स्वतःच्या हातांवर ओतलं. वाफ उठली. बोटांना क्षणभर जाग आली. त्याने डोळे मिटून घेतले, कारण डोळ्यांनी काही कळत नव्हतं आणि बोटांनी अर्धंच कळत होतं. बाकीचं मनगटाला ठाऊक होतं. एक वेढा, खालून वर, परत एक वेढा, शेपूट आतून. पाणी संपलं. त्याने शेपटाला दात लावले आणि मागे झुकून ओढलं.

गाठ बसली. चिरलेल्या पेरांतलं रक्त दोराला लागलं होतं. पुढच्या मिनिटाला पाण्याने जोर धरला, दोर ताठ झाला आणि गाठ किरकिरली, पण हलली नाही.

"बांधा बाकीच्या," तो विनेशला म्हणाला आणि तिथेच आडवा झाला.

वासिफने आपली बोट जवळ आणली. थोडा वेळ तो त्या गाठीकडे बघत राहिला. मग इंजिनावर वाळत घातलेला आपला टॉवेल उचलून त्याने बदरुद्दीनच्या हातांवर फेकला. "गरम हाय. गुंडाळा," म्हणाला आणि आपल्या जागेकडे निघून गेला. त्या दिवशी डोल काही फार भरली नाही. बोंबील बेताचे, जवळा थोडा.

२० जानेवारीला चौथ्या सलाईनीआधी स्कॅन झाला. डॉक्टर सुश्रुतांनी जुना आणि नवा फोटो शेजारी लावला. पोटातली गाठ लहान झाली होती, यकृतातले डाग तेवढेच होते, वाढले नव्हते. "औषध धरतंय," ते म्हणाले. मग त्यांनी हात पाहायला मागितले. बदरुद्दीनने पालथे पुढे केले. त्यांनी ते उलटे केले आणि चिरलेली पेरं एकेक करून पाहिली.

"उघडा हात लावायचा नाही म्हणून मी सांगितलं होतं."

"मी तवा मान हलवली नव्हती. सिस्टरला विचारा."

"असंच चाललं तर बोटं कायमची बधिर होतील. सलाईनचं औषध मी कमी करतो. लागलं तर पुढे बंद करून नुसत्या गोळ्या."

"कमी करा. बंद करू नका. दोघं मिळून मारतायत ते मारू दे," बदरुद्दीन म्हणाला. "पुढचं तिसरं उधाण अठ्ठावीस फेब्रुवारीचं. ते पण सुट्टीत बसतंय, मी बघितलंय."

"तेव्हा काय परिस्थिती असेल, मला माहीत नाही."

"मला तरी कुठं माहीत हाय? दोर तयार ठेवतो."

२४ जानेवारीला दयारामने सोसायटीच्या वहीत नोंद केली: राजपुरी खाडीच्या तोंडाची जागा, मालक बदरुद्दीन उलडे, डोल स्वतः बांधली, १३ जानेवारी २०२५. साक्षीदार म्हणून वासिफने सही केली. बदरुद्दीनला पेन धरता येईना, तेव्हा त्याने अंगठा लावला. नोंदीचे एकशे साठ रुपये होतात. त्याने शंभर दिले. साठ रुपये त्याच्याकडून सोसायटीला अजून यायचे आहेत.